‘आई, आरशातलं तोंड माझं वाटंना’

मैत्रिणींनो, ही गोष्ट आपल्याच जिल्ह्यातल्या एका गटातली आहे. ज्या ताईची आहे ती म्हणाली, “लिहा, पण नाव आणि गाव नको.” म्हणून ते दोन्ही टाळलंय.

मासिक बैठक संपत आली होती. बचत जमा झाली, हप्ते झाले, रजिस्टरवर सह्या झाल्या. बायका उठून चपला शोधायला लागल्या तरी ही ताई बसूनच. मग हळूच म्हणाली, “माझ्या थोरल्याचं कायतरी बिघडलंय बघा. तास तास आरशापुढं उभा राहतोय. विचारलं तर म्हणतोय, आई, हे तोंड माझं वाटंना.” कुणीतरी हसलं. “अगं, सतरा वर्षाचं पोरगं ते. मिसरूड फुटलंय. आरसा बघायचंच वय हाय.” सगळ्याच हसल्या. तीही हसली आणि घरी गेली.

पुढच्या काही महिन्यांत पोरगा कॉलेजला जायचा बंद झाला. रात्र रात्र जागायला लागला. स्वतःचा हात डोळ्यांपुढं धरून बघत बसायचा. “मी बोलतोय, पण आवाज दुसऱ्याचाच वाटतोय,” म्हणायचा. घरच्यांनी ठरवलं, बाहेरचं आहे. गटातून ‘आजारपण’ म्हणून १५ हजारांचं अंतर्गत कर्ज उचललं. ते उताऱ्यात, कोंबड्यात आणि गाडीभाड्यात गेलं. मुलगा दवाखान्यात पोचला तेव्हा त्या पहिल्या वाक्याला वर्ष होत आलं होतं. तोवर शेजारची माणसं भिंतीपलीकडून आपल्याबद्दलच बोलतायत असं त्याला ऐकू यायला लागलं होतं.

त्या दिवशी हसणाऱ्यांत मीही होते.

तीट आणि आरसा

लहान लेकराच्या गालावर काजळाची तीट लावा आणि त्याला आरशापुढं बसवा. सात-आठ महिन्यांचं बाळ आरशातल्या बाळाकडं बघून हसेल, त्याला हात लावायला जाईल. त्याच्या लेखी ते दुसरंच बाळ असतं. मग दीड ते दोन वर्षांच्या मध्ये कधीतरी लेकरू आरशात बघतं आणि हात स्वतःच्या गालाकडं नेतं. ‘हे मी आहे’ हे त्याला उमगलेलं असतं. १९७२ साली अमेरिकेत हाच प्रयोग मुलांच्या नाकाला रंग लावून केला गेला आणि पुढं जगभर झाला. आपल्या घरी तो रोजच होत असतो, आपण फक्त तसं बघत नाही.

एकदा ही ओळख पटली की पुढं तिचा विचारसुद्धा मनात येत नाही. भाकरी थापताना हा हात कुणाचा असं आपण विचारत नाही. हाक मारली की तो आवाज आपला, मनात आलेला विचार आपला, फोटोतलं तोंड आपलं. हे आपलेपण आतून आपोआप चालू असतं. पायाला मुंग्या आल्यावर पाय दुसऱ्याचा वाटतो ना, तेवढ्यापुरतं आपल्याला कळतं की हे आपलेपणही तुटू शकतं.

काही तरुण मुलामुलींमध्ये हे आपलेपण सैल व्हायला लागतं. तोंड ओळखू येतं, पण आपलं वाटत नाही. हात हलतो, पण मी हलवला असं वाटत नाही. मनात विचार येतो, पण तो कुणीतरी आणून ठेवल्यासारखा वाटतो. सायकोसिस नावाचा मनाचा गंभीर आजार सुरू व्हायच्या आधी ज्या खुणा दिसू शकतात, त्यातली ही एक आहे. सायकोसिसमध्ये खरं काय आणि मनातलं काय यामधली रेघ पुसट होते. नसलेले आवाज ऐकू येतात, नसलेला संशय पक्का होतो. स्किझोफ्रेनिया हा त्यातलाच एक आजार. बहुतेकदा तो १५ ते ३० या वयात सुरू होतो, म्हणजे दहावी-बारावी, आयटीआय, पहिली नोकरी आणि लग्न ठरायच्या दिवसांत. सुमारे १०० वर्षांपूर्वी फ्रान्समधल्या डॉक्टरांनीही टिपून ठेवलं होतं की काही तरुण आजार उघड व्हायच्या आधी आरशापुढं तासन्‌तास उभे राहतात, स्वतःला तपासत असल्यासारखे.

रजिस्टरला नोंदच नाही

असं का होतं? हे आपल्या गटाच्या पेटीवरून समजून घेऊ.

बैठकीत ताई पैसे देते. सचिव आधी रजिस्टरला नोंद करते, मग पैसे पेटीत जातात. शेवटी पेटी मोजली की नोंद आणि रोकड जुळते आणि कुणी काही विचारत नाही. आता समजा पैसे पेटीत गेले, पण नोंद राहिली. मोजताना ५०० रुपये जास्त निघाले. लगेच डोकं चालायला लागतं. हे कुणाचे? कुणी टाकले? कशासाठी टाकले? जरा वेळानं एखादी म्हणतेच, “यात काहीतरी डाव हाय.”

मेंदूही असंच रजिस्टर ठेवतो. हात हलवायचा हुकूम निघतो तेव्हाच ‘हे आपणच करतोय’ अशी एक नोंद तो स्वतःकडं करून ठेवतो. म्हणूनच आपल्याला स्वतःच्या गुदगुल्या होत नाहीत. करून बघा. नणंदेनं बोट लावलं की आपण हसून लोळतो, स्वतःचं बोट लावलं तर काही नाही, कारण मेंदूला आधीच ठाऊक असतं. लंडनमधल्या संशोधकांनी २००० साली हे तपासलं. ज्यांना आवाज ऐकू येत होते किंवा कुणीतरी आपल्याला चालवतंय असं वाटत होतं, अशा रुग्णांना स्वतःचा स्पर्शही दुसऱ्याच्या स्पर्शाइतकाच जाणवत होता. म्हणजे नोंदीतच गफलत होती.

हेच मनातल्या बोलण्याला लावून बघा. आपण सगळ्याच मनातल्या मनात बोलतो. “गॅस बंद केला का?” “ती मला असं का बोलली?” या बोलण्याची नोंद झाली नाही तर ते बोलणं कुणाचं वाटणार? दुसऱ्या कुणाचं तरी. मग डोकं उत्तर शोधतं. शेजारी बोलतायत, मोबाइलमधून कुणीतरी बोलतंय, पितर बोलतायत. आजाराचं सगळं कोडं यातून सुटतं असं कुणी समजू नये. आनुवंशिकता, जन्माच्या वेळची गुंतागुंत, लहानपणी झालेले आघात, गांजा अशी अनेक कारणं एकमेकांत गुंतलेली असतात. पण एवढं लक्षात आलं तरी पोरगा नाटक करतोय हा आपला राग कमी होतो.

‘वाटतंय’ आणि ‘आहे’

आता मला ज्यासाठी लिहायचं होतं ते.

त्या मुलाचं वाक्य पुन्हा वाचा. “माझं वाटंना,” असं तो म्हणाला होता. ‘हे तोंड माझं नाहीच, कुणीतरी बदललंय,’ असं तो म्हणाला नव्हता. त्या वेळी त्याचं त्यालाच कळत होतं की काहीतरी चुकतंय. तो घाबरला होता आणि आईला विचारत होता. आजार पक्का होत जातो तसं हे ‘वाटतंय’ गळून पडतं आणि ‘आहे’ उरतं. मग मुलगा प्रश्न विचारत नाही, तो आपल्याला ठामपणे सांगायला लागतो. त्याला डॉक्टरकडं चल म्हटलं तर म्हणतो, “मला काय झालंय? तुम्हालाच न्या.” तो हट्ट नसतो. आपण आजारी आहोत हे ओळखायची शक्तीच आजारानं कमी केलेली असते.

म्हणून पोरगं ‘वाटतंय’ म्हणत असतं तोवरचे दिवस फार मोलाचे. या दिवसांत मुलं बोलतात, पण आडवळणानं. “मी मेल्यासारखा वाटतो.” “सगळं टीव्हीत चालल्यासारखं दिसतंय.” “आई, मी खरंच तुझीच मुलगी हाय का?” मुलींकडं तर आणखी कमी लक्ष जातं. ती गप्प झाली, घरातच राहायला लागली की आपण म्हणतो, शहाणी झाली.

घाबरायला नको म्हणून दुसरी बाजूही सांगते. असं वाटणाऱ्या प्रत्येकाला हा आजार होत नाही. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहरात १९९० च्या दशकात अशा धोक्याच्या उंबरठ्यावरच्या तरुणांसाठी वेगळा दवाखाना सुरू झाला. नंतर बऱ्याच देशांत असं काम झालं. त्यातून दिसलं की तपासून ‘धोका आहे’ असं ठरवलेल्या मुलांपैकीसुद्धा साधारण चारातल्या एकाला दोन-तीन वर्षांत सायकोसिस होतो. बाकीच्यांना होत नाही, पण त्यांच्यातही उदासी, चिंता, झोपेचे त्रास असतात आणि त्यांनाही मदत लागतेच. ज्यांच्यात हे ‘मी मी नाही’ असं वाटणं जास्त होतं, त्यांच्यात पुढं आजार होण्याचं प्रमाणही जास्त निघालं.

साध्या निरोगी माणसालाही आरसा फसवतो. इटलीतल्या एका संशोधकानं ५० जणांना मंद उजेडात दहा मिनिटं आरशात एकटक बघायला लावलं. तिघांतल्या दोघांना स्वतःचं तोंड वेडंवाकडं झालेलं दिसलं. अतिजागरण, ताप, जबर भीती, घरातला मृत्यू, परीक्षेचा ताण यातही काही वेळ सगळं परकं वाटू शकतं. पिंपल्स आले, केस गळाले म्हणून आरशापुढं रडणारी पोरगी तर आपल्या प्रत्येकीच्या घरात आहे. तिला तोंड आवडत नसतं, पण तोंड आपलंच आहे याबद्दल तिला शंका नसते.

मग काळजी कधी करायची? परकं वाटणं एक-दोन दिवसांत जात नाही, आठवड्यांमागून आठवडे राहतं आणि वाढत जातं, तेव्हा. त्याच्या जोडीला झोप उडाली, अंघोळ-जेवण सुटलं, मित्र तुटले, एकटंच पुटपुटणं, लोक आपल्याकडंच बघतात असा संशय, अभ्यासात चांगलं असलेलं पोरगं अचानक मागं पडणं, यातलं काही दिसलं तर वाट बघू नका. घराण्यात कुणाला असा आजार असेल किंवा पोरगा गांजा ओढत असेल तर जास्तच जागं राहायला हवं. गांजानं हा धोका वाढतो हे आता पक्कं माहीत आहे. ‘गांजा काय, झाडपालाच हाय’ असं म्हणणारे गावोगाव भेटतात, त्यांचं ऐकू नका.

काय बोलायचं

आपल्या तोंडून पहिलं काय निघतं त्यावर पोरगं पुढं बोलणार की गप्प बसणार हे ठरतं. “असलं काय बोलायचं नाही,” “फोन बघून बघून डोकं फिरलंय” असं म्हटलं की दार बंद. “होय रे बाळा, कुणीतरी केलंय तुझ्यावर” असं म्हटलं तर त्याची भीती पक्की होते. या दोन्हींच्या मधलं बोलावं लागतं. त्याला जे वाटतंय ते खोटं म्हणायचं नाही आणि खरंही म्हणायचं नाही. “असं वाटतंय तर तुला भ्या वाटत असंल. कधीपासून वाटतंय? कवा जास्त वाटतंय? मी हाय तुझ्याजवळ.” एवढं पुरे. चार माणसांसमोर विचारू नका. भाजी निवडताना, शेतावर जाताना, बाजूला बसून विचारा. डोळ्यांत डोळे घालून झालेली चौकशी अशा मुलांना सोसत नाही. आरसा त्रास देत असेल तर काही दिवस कपडा टाकून ठेवला तरी चालतं. तो बळजबरीनं दाखवू नका.

मरणाच्या गोष्टी निघाल्या, कुणीतरी ‘हे कर’ असं हुकूम देतंय म्हणाला, दोन-तीन दिवस झोप आणि अन्न दोन्ही नाही, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. तोवर एकटं ठेवायचं नाही आणि फवारणीची औषधं कुलपात, किल्ली आपल्या कमरेला.

देवाचं आणि डॉक्टरचं

कुणाच्या श्रद्धेला हात लावायचा नाही. पंढरीच्या वाटेवर राहणारी माणसं आपण. यात्रेत अंगात येतं, तासाभरात उतरतं, बाई परत स्वयंपाकाला लागते. ते वेगळं. पोरगं महिनोन्‌महिने हरवत चाललंय हे वेगळं. नवस बोलायचा असेल तर बोला, अंगारा लावायचा तर लावा, पण डॉक्टरची तारीख चुकवू नका. मारहाण, धुरी, साखळदंड मात्र नाही म्हणजे नाही. भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण करणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. मनोरुग्णाला साखळीनं बांधायला २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं बंदी आहे. तमिळनाडूत एरवाडीला २००१ साली अशाच एका ठिकाणी आग लागली. साखळीनं बांधलेली माणसं पळू शकली नाहीत, २८ जण गेले.

आणि ‘लग्न लावून दिलं की ठीक होईल’ हे औषध तर कुणीच देऊ नका. त्यात दुसऱ्याची लेक भरडते.

कुठं जायचं? पहिला फोन घरबसल्या करता येतो. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर आहे. सरकारी आहे, चोवीस तास, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. आईनंही केला तरी चालतो, पोरानंच करायला पाहिजे असं नाही. आशाताईला आणि उपकेंद्रातल्या आरोग्य अधिकाऱ्याला विचारलं तर जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे डॉक्टर जवळ कुठं आणि कोणत्या दिवशी येतात ते कळतं. सोलापुरात सिव्हिलला, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, मानसोपचार विभाग आहे. केसपेपर काढताना ‘मानसोपचार’ म्हणून सांगायला लाजू नका. जाताना तारखा कागदावर लिहून न्या. झोप कधी उडाली, कॉलेज कधी सुटलं, काय म्हणाला. डॉक्टरांपुढं गेलं की आपल्याला काहीच आठवत नाही.

लगेच गोळ्याच सुरू होतात असंही नाही. उंबरठ्यावरच्या मुलांना बऱ्याचदा समुपदेशन, झोपेची घडी, गांजा सोडवणं, घरच्यांना समजावणं आणि ठरलेल्या तारखांना तपासणी यावरच ठेवतात. आजार उघड झाला असेल तर गोळ्या लागतात. त्यानं झोप येते, हात थरथरतो, वजन वाढतं, तेव्हा बरेच जण परस्पर बंद करतात आणि महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा पहिल्या पायरीवर येतात. त्रास होतोय तर डॉक्टरांना सांगा, गोळी बदलता येते.

२०१५-१६ साली देशातल्या १२ राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी झाली. आपलं राज्य त्यात नव्हतं, पण चित्र वेगळं असेल असं वाटत नाही. सायकोसिस असलेल्या १०० माणसांतली सुमारे ७५ उपचाराविना होती. या कामात डॉक्टर कमी पडतात तिथं आपल्यासारख्या बायका उपयोगी पडतात, हे आपल्या माळशिरसच्या शेजारी साताऱ्यात दिसलं आहे. सातारा, गोवा आणि तमिळनाडू इथं स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांवर एक अभ्यास झाला, तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. डॉक्टरांच्या औषधाबरोबर गावातल्याच शिकवलेल्या कार्यकर्त्यांनी घरी जाऊन रुग्णाशी, घरच्यांशी बोलणं ठेवलं, तेव्हा नुसत्या दवाखान्यापेक्षा थोडा जास्त गुण आला. थोडाच, पण ज्या घरात तो आला त्यांना विचारा. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था आहे. मूळचे धुळ्याचे आणि कॅनडात प्राध्यापक राहिलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांनी घरातच हा आजार पाहिला आणि मग ती उभी केली. तिथं रुग्णांचे आणि नातेवाइकांचे आधारगट चालतात. आपल्या बचत गटासारखंच गोल करून बसायचं, फक्त हप्त्यांऐवजी मनातलं काढायचं. ‘देवराई’ हा २००४ चा मराठी सिनेमा कुठं मिळाला तर ग्रामसंघाच्या बैठकीत दाखवा. त्यात अतुल कुलकर्णी आजारी भाऊ आहे आणि सोनाली कुलकर्णी त्याला सांभाळणारी बहीण. बायका गप्प होऊन बघतात.

राहिली त्या ताईची गोष्ट. गटानं तिचं कर्ज माफ केलं नाही, तिनंही मागितलं नाही. मुदत वाढवून दिली, अजून सात हप्ते राहिलेत. गटानं मात्र आपल्यापुरता एक नियम केलाय. ‘आजारपण’ म्हणून कर्जमागणी आली की कुठला आजार ते अध्यक्ष आणि सचिव एकांतात विचारतात. मनाचा असेल तर पैसे देतानाच एक जण पहिल्यांदा दवाखान्यात सोबत जाते. आतापर्यंत दोनदा जावं लागलं.

मुलगा मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात बसतो. गोळ्या चालू आहेत, कॉलेजचं अजून ठरलेलं नाही. परवा आईला बैठकीला सोडायला आला होता. दाढी नीट केलेली होती. ताई म्हणाली, आरशात बघून स्वतःच केली. मधूनच अजून तोंड परकं वाटतं म्हणे त्याला. तसं वाटलं की तो तिला हाक मारून सांगतो, आणि ती हातातलं काम ठेवून त्याच्याशेजारी येऊन बसते.